ट्रकवरून आलेली व्हॅन

"हा तरी टिकेल ना, बुवा?"

अच्युतराव केळुसकर मठाच्या अंगणात गुडघे टेकून आपल्या जुन्या व्हॅनखाली बोट दाखवत होते. तिथे नवाकोरा सायलेन्सर चकाकत होता.

ते दीक्षा मागायला आले की चिदंबरबुवा दरवेळी एकच सांगत, "टिकेल असं काहीतरी जपून दाखवा, मग बघू." अच्युतराव हट्टी. त्यांनी वडिलांची व्हॅन जपायला घेतली. व्हॅन टिकली, पण सायलेन्सर काही टिकेना. देशी झाले, परदेशी झाले, सगळे गंजून गळाले.

या खेपेस तर रस्त्याचा त्रास नको म्हणून त्यांनी गाडी ट्रकवर चढवून घाटमाथ्यावर आणली होती. कौतुक करावं की हसावं, मठात कुणाला कळेना.

"हिचं इंजिन हवेवर गार होतं, बुवा. पाण्याचा थेंब लागत नाही."

"सुरू करा."

इंजिन फटफटलं. बुवा मागे जाऊन बसले आणि तीर्थाला पुढे करावा तसा उजवा हात त्यांनी नळीखाली धरला.

थेंब... थेंब... तळव्यात काळपट पाणी जमलं.

"मग हे कुठलं?"

"धुरातली वाफ." अच्युतराव शिकलेले, त्यांना सगळं ठाऊक होतं. "नळी गार असली की आत पाणी साचतं, आतूनच गंज धरतो. लांब पल्ल्याला नेली की तापून सुकतं."

"मग नेता का कधी?"

"बाहेर खड्डे फार, बुवा. रोज सकाळी पाच मिनिटं जागेवरच चालू ठेवतो. फूल वाहतो, बंद करतो."

"आणि जप?"

"तोही... तेवढाच."

बुवांनी हात धोतराला पुसला.

"ट्रकवाल्याला जाऊ द्या."

समोर सगळा वळणावळणाचा घाट पसरला होता.

"आणि माझी दीक्षा?"

"खाली. समुद्रापाशी."

बुवा पुढच्या सीटवर चढून बसलेसुद्धा. अच्युतराव बंद केलेल्या गाडीची चावी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना खरोखर भीती वाटत होती.

"अहो बुवा, पण वाटेत सायलेन्सर गळून पडला तर?"

बुवांनी दार ओढून घेतलं.

"पडू दे. चालत्या गाडीचा पडेल."