आलेपाकाचं घर

मुंग्या माणसांसारख्या बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. साळू मुंगीनं बहिणी-शेजारणी गोळा केल्या आणि गुळातल्या आलेपाकाच्या वड्यांचं घर बांधलं. भिंतींवर खसखशीची नक्षी काढली, दारावर चारोळ्यांचं तोरण लावलं. रीत अशी, की घर सजलं की सगळ्यांनी मिळून खायचं. पण साळूचा जीव त्यात अडकला. "मुंगळेमामा येऊन बघू देत, मगच मोडू," ती म्हणाली.

मामा काही येईनात. थंडी वाढली, बाहेर पडवेना, दाणागोटा संपला. धाकटी ठकी तर पार गळून गेली.

"अक्के, मागच्या भिंतीचा एवढासा कण दे गं. कुणाला दिसायचा नाही."

"मला दिसेल की! शहाणी माझी बाय, उद्यापर्यंत कळ काढ."

"उद्या दे हं मग," म्हणत ठकी त्याच भिंतीला टेकून निजली.

सकाळी ती उठेना. साळूनं धावत जाऊन दर्शनी भिंतच फोडली, गुळाचा खडा तिच्या तोंडाशी धरला. तोंड उघडलं नाही.

दुपारी मुंगळेमामा आले. "घर सुरेख गं! पण भिंत कुणी फोडली?"

"मीच, मामा. उशिरा फोडली."

ते घर तसंच राहिलं. गुळाचं होतं, तरी त्याला कधी मुंगी लागली नाही.