कांबळ्याखालचा हात

पूर्वी वेत्रवती नदीकाठच्या वेत्रपुरावर अरिंदम राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. नाव पिंगल. पुढे तो राजवैद्य झाला, पण गुरूने घालून दिलेला एक रिवाज त्याने राजवाड्यातही सोडला नाही. रोग्याची नाडी तो आपण होऊन धरत नसे. खाटेशी बसे आणि रोगी हात पुढे करीपर्यंत वाट बघे. रोगी बेशुद्ध असला तर गोष्ट वेगळी. आधी जीव वाचवायचा, शुद्धीवर आला की विचारायचे. लोक म्हणत, "हा वैद्य की भिक्षेकरी?" म्हणेनात का बापडे.

राजाची आई त्याला जन्म देताच गेली होती. त्याला वाढवले सोणा धायीने. म्हातारपणी त्या सोणेच्या पोटात गाठ धरली. काढे झाले, लेप झाले, गाठ वाढतच गेली. पिंगलाने राजाला सरळ सांगितले, "महाराज, ही गाठ माझ्या विद्येबाहेरची आहे. दुखणं हलकं ठेवीन. बरं करू शकणार नाही."

एके सकाळी सोणेचा श्वास थांबत आला. पिंगलाजवळ एक तिखट चूर्ण होते; नदीत बुडालेल्या नावाड्यांसाठी त्याने ते केले होते. नाकात फुंकले की विझता श्वास परत पेटतो, पण मग नाक-घसा भाजल्यासारखा जळत राहतो. त्याने ते फुंकले. सोणा ठसकत उठली.

"अगदी उंबऱ्याशी पोचले होते रे," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं तुला मधे तडमडायला?"

"तू शुद्धीवर नव्हतीस, सोणामाय. म्हणून आता विचारतो. पुन्हा असं झालं तर?"

"तर गप बसायचं. कण्हणं थांबेल एवढं औषध दे, आणि घोटभर आंबील दे. पथ्यापायी तोंडाची चव मारलीत माझी."

एवढे बोलून तिने आपला हात कांबळ्याखाली ओढून घेतला.

राजाला हे कळताच तो तडक आला. "श्वास थांबला की चूर्ण फुंकायचं. दर वेळी. माझी आज्ञा आहे."

"सोणामाय नको म्हणते, महाराज."

"आजारी माणसाला काय कळतं?"

"कुठे दुखतं ते तिलाच कळतं."

"म्हणजे मारायला निघालास तिला?"

"मरणाचं औषध मी कुणालाच देत नाही. मरण त्या गाठीने आणलंय, आणि चूर्णाने गाठ विरघळत नाही. चूर्ण तिला ओढून परत या खाटेवर टाकेल, कण्हायला. तिची वेदना हलकी ठेवायला मी इथेच बसून आहे."

राजांच्या कानांना नकाराची सवय नसते. अरिंदम कडाडला, "चूर्ण देत नसशील तर देश सोड!"

पिंगलाच्या घरी थकलेले वडील होते. तरी तो म्हणाला, "सोडतो. जाण्याआधी एक मागणं. आज तिची नाडी तुम्ही बघा. माझ्या रिवाजाने. हात मागा."

राजा खाटेशी बसला. "माये, हात दे."

कांबळे हलले नाही. राजाने थोडी वाट पाहिली, मग कांबळ्यात हात घालून तिचे मनगट ओढले. मनगट कसले, वाळकी काटकी. सोणा कळवळली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

राजाचा हात तिथेच थबकला.

"लहानपणी पोट भरलं की तूही असंच तोंड फिरवायचास," सोणा भिंतीकडे बघतच म्हणाली. "तुझी आत्या ओरडायची, कोंब गं त्याच्या तोंडात, राजाचं पोर आहे, वाळेल. मी कधी कोंबला का रे घास?"

"नाही."

"वाळलास?"

राजाने तिचे मनगट सोडले. "मी एकटा पडेन, माये."

"पडशील. म्हणून मी जळत राहू?" मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "एवढा बाप्या झालास, अजून पदर सुटत नाही. जा, आंबील आण."

राजा स्वतः मुदपाकखान्यात गेला. आंबील कशी ढवळतात ते त्याला कुठले ठाऊक! गुठळ्या झाल्या. सोणेने दोन घोट घेतले, "मीठ विसरलास," म्हणाली आणि तोंड फिरवले. राजाने वाटी खाली ठेवली.

तेव्हा तिने आपण होऊन हात बाहेर काढला. पिंगल जागचा उठला नाही. तो हात वैद्यासाठी नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर तिचा श्वास विरळ होत गेला. चूर्णाची डबी कोनाड्यात होती. राजाने डबीकडे पाहिले, पिंगलाकडे पाहिले, आणि धायीचा हात धरून बसून राहिला. ती गेली तेव्हा तिच्या कपाळावर आठी नव्हती.

देश सोडण्याचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. डबी पिंगलाने घाटावरच्या नावाड्यांना देऊन टाकली. तिचे काम तिथे होते.

ही जुनी हकिगत भगवंतांनी सांगितली ती एका विहारात. वृद्ध स्थविर कुंडल तिथे अखेरच्या दुखण्यात पडला होता आणि त्याचा शिष्य उत्तिय त्याच्या मिटल्या ओठांतून पेज ओतू पाहत होता. सांगून झाल्यावर भगवंत म्हणाले, "उत्तिया, तेव्हाचा अरिंदम राजा तू होतास. सोणा धाय म्हणजे हे तुझे गुरू. आणि पिंगल वैद्य मीच."

उत्तियाने भांडे खाली ठेवले आणि पहिल्यांदाच विचारले, "भंते, तुम्हाला काय हवं?"

"कूस बदलून दे," स्थविर म्हणाला.

बुद्धत्वाकडे नेणारा जो गुण बोधिसत्त्वाने त्या जन्मी पुरा केला, त्याला मैत्री म्हणतात, म्हणजे स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याचे भले पाहणे. माया तर राजाचीही होती.