न झिजणारे कापड

एका राज्यात माणसे हलक्या पावलांनी चालत आणि हसू आले तर गालांवर हात धरत. जोराने हसले तर गाल फाटेल, अशी त्यांना भीती होती. आणि ती भीती खोटी नव्हती.

हे राज्य पहिल्यापासून असे नव्हते. पूर्वी तिथे जुन्याला मान होता. धोतर विरले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की वाती होत, आणि वात जळून गेली की मागे उरलेले काजळ लेकरांच्या डोळ्यांत जाई. राणी रेणुमती स्वतः दुपारच्या वेळी सज्जात पाय पसरून बसे आणि शिंप्याकडच्या चिंध्यांचे पोपट शिवी. पोपट पुरा झाला की त्याला समोर धरून ती स्वतःशीच हसे.

दासी म्हणत, "राणीसाहेब, खजिना ओसंडून वाहतोय आणि तुम्ही चिंध्या वेचता."

राणी म्हणे, "खजिना मी केलेला नाही. हा पोपट मी केलाय."

मग राणीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी राणी गेली.

राजा प्रसेन बोलेनासा झाला. दोरीवर राणीचे लुगडे वाळत पडले होते, ते उचलायला कुणाचा हात धजेना. राजा त्या सज्जाकडे पाठ करून बसे. अशा वेळी राजवाड्याच्या दारात कंथाधर नावाचा मांत्रिक आला. त्याच्या अंगावर कापडावर कापड शिवलेली एक अवाढव्य कंथा होती, आणि तिच्यात त्याचा चेहरा कुठे आहे ते दिसत नव्हते.

"राजा, डोळ्यांना जे टोचते आहे ते मला देऊन टाक."

"बदल्यात काय देशील?"

"न झिजणारे कापड. ते विटणार नाही, फाटणार नाही, कुणाच्या अंगाचा वास धरणार नाही. साऱ्या राज्याला पुरेल इतके देईन."

"आणि तुला काय हवे?"

"साऱ्या राज्याचे जुने. एकही चिंधी मागे राहू नये."

राजाने होकार दिला. लुगडी, बंड्या, शेले, पासोड्या गाड्यांत भरून डोंगराकडे गेल्या. आता शिवायचे काय, म्हणून लोकांनी सुया विहिरीत टाकल्या. त्या राज्यात बाळाचे पहिले अंगडे जुन्या कापडाचे असावे आणि ते आत्याने शिवावे, अशी रीत होती. ते अंगात घातल्याशिवाय बाळाचे नाव ठेवत नसत. पण दुःखाच्या घरात रीत कोण काढणार? बाळाला न झिजणाऱ्या रेशमात गुंडाळले गेले.

कापड खरोखर झिजत नव्हते. पण झीज कुठे तरी जाणारच. ती माणसांत गेली.

आधी कोपरे पातळ झाली, मग गुडघे. एका दासीने जांभई दिली आणि तिच्या ओठाची कड उसवली. रक्त आले नाही, नुसता वारा आत-बाहेर जाऊ लागला. लोकांनी ते रेशीम काढून फेकले. तरी झीज थांबेना. एकदा अंगाला लागलेले ते कापड दूर पडूनही अंग सोडत नव्हते. शेवटी दुसरे काही नाही म्हणून लोकांनी तेच पुन्हा अंगावर घेतले.

राजाची थोरली बहीण अंबुजा वैधव्य आल्यापासून त्याच वाड्यात राहत होती. एका तिन्हीसांजेला दाई सगुणा बाळाला घेऊन तिच्याकडे आली. तिने बाळाला समईपुढे धरले. बाळाच्या छातीतून पलीकडची ज्योत दिसत होती, आणि ज्योतीच्या अलीकडे त्याचे काळीज चिमणीच्या पिलासारखे फडफडत होते.

"आत्याबाई, लेकरू विरतंय," दाई म्हणाली. "आज मी याला अंघोळ घातली नाही. पाण्यानं भोक पडेल अशी भीती वाटली."

"उपाय?"

"जुनं कापड झीज स्वतःवर घेतं, म्हणून तर पहिलं अंगडं जुन्याचं. आईच्या लुगड्याचं मिळालं तर जगेल. पण या राज्यात जुनं उरलंय कुठे? एक मी तेवढी उरलेय."

राजा म्हणाला, "अक्का, मी सैन्य देतो."

"सैन्य धावायला लागलं तर वाटेतच त्याचे गुडघे निखळतील, प्रसेना. रीतीनं हे काम आत्याचं आहे. तू बाळाजवळ बस, आणि आज तरी त्याच्याकडे तोंड करून बस."

पहाटे अंबुजा निघाली. खांद्यावर न झिजणारी शाल होती, कारण दुसरे काही उरलेच नव्हते. राज्याच्या सीमेवर एक उंबर होता. त्याच्या खालच्या फांदीवर शिंपी नावाचा टीचभर पक्षी बसला होता. त्याने दोन पाने शिवून घरटे केले होते, पण वाऱ्याने शिवण उसवली होती आणि अंडी काठाशी आली होती.

पक्षी म्हणाला, "बाई, कंथाधराची वाट मला ठाऊक आहे. माझ्या घरट्याची तीन भोके शिवून दे, मग सांगतो."

"मला शिवता येत नाही."

"दिसतंच आहे. तुपात ठेवलेली बोटं. बाभळीचा काटा घे, त्या कोळ्याचं जाळं घे, आणि माझी अंडी पाडू नकोस."

अंबुजाने पहिले भोक शिवले, तर पान फाटले. दुसरे शिवले, तर धागा तुटला.

"ओढतेस कशाला? धागा काय बैल आहे? त्याला बोलावून घ्यावं," पक्षी म्हणाला. "बोलाव, आणि थांब. तो येतो."

तिसऱ्या वेळी धागा आला. पहिली दोन भोकेही तिने पुन्हा शिवली. तिची बोटे इतकी विरली होती की काटा आतून जाताना दिसत होता आणि दुखत नव्हता. त्या न दुखण्याचीच तिला सगळ्यांत भीती वाटली. तरी शिवण पुरी झाली, आणि ती वेडीवाकडी शिवण पाहून तिला, अशा दिवशीही, किंचित बरे वाटले.

"माझी बायको हसेल याला," पक्षी म्हणाला, "पण अंडी राहतील. आता ऐक. गुहेत जे हाक मारील त्याला ओ देऊ नकोस. निवड करताना कानांवर विसंबू नकोस, बोटांवर विसंब. आणि त्याच्याकडे धागा मागू नकोस. तो धाग्याची किंमत घेतो."

पक्ष्याने दाखवलेल्या वाटेच्या टोकाला, डोंगराच्या पोटात गुहा होती आणि गुहेत दोऱ्याच दोऱ्या ताणलेल्या होत्या. त्यांच्यावर साऱ्या राज्याचे कपडे लटकत होते, पण रिकाम्या कपड्यांसारखे नव्हे. बंड्या श्वास घेत होत्या. लुगड्यांना खांदे होते. आत कुणीच नव्हते.

शेवटच्या टोकाला, एका दिव्याच्या उजेडात कंथाधर बसला होता.

"परत न्यायला आलीस?"

"एक लुगडे."

"तीन कामे कर. माझ्यापर्यंत चालत ये आणि वाटेत कुणाला ओ देऊ नकोस. राणीचे लुगडे ओळख. मग याच जागी त्याचे अंगडे शिव. एक जरी चुकलीस, तरी तूही दोरीवर."

अंबुजा चालू लागली. बाह्यांनी तिचे मनगट धरले, पदरांनी तिचा घोटा धरला. तिच्या आईचा शेला म्हणाला, "अंबू, जेवलीस का?" ती पुढे गेली. मग एक करडा डगला तिच्या वाटेत आडवा आला. तो तिनेच गाडीत टाकला होता, डोळे मिटून. तिच्या नवऱ्याचा. डगला तिच्या कानाशी वाकला आणि नेहमीच्या, थोड्या दमलेल्या आवाजात म्हणाला, "किती उशीर केलास. मी दार उघडं ठेवलं होतं."

गुहेत सगळे कपडे श्वास धरून थांबले.

अंबुजाने ओठ मिटले. विरलेला ओठ दाताखाली टरकला. तरी तिने ओ दिली नाही. डगल्याची बाही तिने हलकेच बाजूला केली, जशी झोपलेल्या माणसाची करतात, आणि ती पुढे गेली.

"एक झाले," कंथाधर म्हणाला, आणि त्याने दिवा झाकला.

अंधारात चारी बाजूंनी लुगडी बोलू लागली. "वन्सं, मी इथे." "वन्सं, इकडे." "वन्सं, मला थंडी वाजते." प्रत्येक आवाज हुबेहूब रेणुमतीचा होता. अंबुजाने कान सोडून दिले. तिला एक दुपार आठवली: रेणुमतीचे आवडते लुगडे मध्यावर विरले होते, तेव्हा तिने ते मधोमध कापून विरलेला भाग काढून टाकला आणि धडके भाग एकमेकांना जोडले. असे शिवणीने जोडणे, म्हणजे दंड घालणे, गरिबाघरच्या बायकांनाच ठाऊक होते, आणि राणीने ते एका म्हातारीकडून शिकून घेतले होते. जुळता धागा नव्हता म्हणून पोपटाचा उरलेला हिरवा जाड धागा तिने वापरला होता.

अंबुजा एकेका लुगड्याच्या मध्यावर बोटे फिरवत गेली. विरलेल्या बोटांना कापड नीट कळेना. ती तळहाताने चाचपू लागली, मग गालाने. दोरीमागून दोरी संपली. शिवण कुठेच लागली नाही. मागे कपडे हळूहळू तिच्याभोवती जवळ येत होते, आणि तिच्यासाठी मोकळी ठेवलेली एक दोरी तिच्या कपाळाला लागली.

तेव्हा तिच्या ध्यानात आले की ज्याच्या जवळ अजून हात गेला नाही असा एकच जण या गुहेत आहे. ती आवाजांकडे पाठ करून सरळ चालत गेली आणि तिने कंथाधराच्या छातीवर हात ठेवला. आडवी, जाड, थोडी तिरपी शिवण.

"तुझ्या अंगावर आहे," ती म्हणाली.

सगळे आवाज एकदम बंद झाले. कंथाधराने दिवा उघडला. "दोन झाले. ते मी काळजावर ठेवतो. सर्वांत ऊब त्याचीच आहे. लोक जुन्यात आपले दिवस शिल्लक ठेवतात, आणि मी ते दिवस पांघरतो. म्हणून मला मरण नाही." त्याने एक सुई पुढे केली. "घे. कापड इथेच आहे, माझ्या अंगावर. फाडायचे नाही. धागा मागितलास तर देईन, किंमत सांगून."

"किंमत काय?"

"बाळाचे नाव. अजून ठेवलेले नाही ना? मग ते माझे."

अंबुजाने सुई घेतली. तिच्या स्वतःच्या अंगावरच्या कापडातून धागा निघणे शक्य नव्हते. न झिजणारे कापड आपल्यातले काही देत नसते. मात्र विरलेल्याचा धागा विरलेल्यातच असतो. तिने हिरव्या शिवणीचे टोक शोधले आणि ओढले नाही. बोलावले, आणि थांबली. धागा आला. दंड सुटला आणि लुगड्याचा एक भाग, न फाडता, तिच्या मांडीवर उतरला.

धागा येतच राहिला. ते लुगडे काळजावर ठेवायचे म्हणून कंथाधराने सारी कंथा नव्याने जोडली होती आणि पहिली गाठ राणीच्या शिवणीला मारली होती. बंड्या सुटल्या, शेले सुटले. "थांब," तो म्हणाला. अंबुजा थांबली नाही. त्याच हिरव्या धाग्याने ती अंगडे शिवू लागली. प्रत्येक टाक्यासरशी समोरचा ढीग खचत होता आणि ढिगातून काहीतरी तिच्याकडे सरपटत येत होते. तिने मान वर केली नाही. मान वर केली असती तर टाका चुकला असता.

शेवटची गाठ मारून तिने पाहिले, तेव्हा तिच्या पायांशी एक फार म्हातारा, फार लहान माणूस पडला होता. मुठीएवढा चेहरा. "थंडी वाजते," तो म्हणाला.

अंबुजाने आपली न झिजणारी शाल काढली आणि त्याच्यावर घातली. शालीखाली तो भराभर विरत गेला, आणि मग शाल जमिनीला टेकली. ती तिने दयेने घातली की रागाने, हे तिने पुढे कधीच कुणाला सांगितले नाही.

दोऱ्यांवरचे कपडे नुसते कपडे होऊन लोंबू लागले. निघताना तिने करडा डगला खांद्यावर घेतला. त्यात आता आवाज नव्हता. मानेशी जुन्या घामाचा वास होता, तेवढा होता.

ती वाड्यात पोचली तेव्हा बाळ दुधावरच्या सायीइतके उरले होते. राजा त्याच्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याने श्वास रोखून धरला होता, फुंकर लागेल म्हणून. अंगडे वाकडे होते, एक बाही आखूड होती. अंबुजाने ते बाळाच्या अंगात घातले. बराच वेळ काही झाले नाही. दाईने तोंड फिरवले.

मग समईची ज्योत बाळाच्या आड गेली.

बाळ रडले, चांगले घट्ट, जाड रडले. त्याच क्षणी साऱ्या राज्यातले न झिजणारे कापड झिजले. भर बाजारात रेशमाच्या चिंध्या झाल्या, प्रधान नुसत्या पायांतल्या जोड्यांनिशी उभे राहिले, आणि कुणीतरी जोराने हसले. सगळ्यांनी त्याच्या गालाकडे पाहिले. गाल शाबूत होता. मग सगळेच हसले. दुसऱ्या दिवशी गाड्या डोंगराकडे गेल्या, ज्याचे त्याने आपापले जुने ओळखून आणले, आणि विहिरीत उतरून सुया काढल्या. अंबुजाने बाळाच्या कानात नाव सांगितले.

तरी अंबुजाची भीती गेली नाही. रोज तिन्हीसांजेला ती बाळाला दिव्यापुढे धरून पाही. बाळ बसू लागले, रांगू लागले, तरी ती पाहतच होती.

एके दिवशी बाळ सज्जात कोपरांवर सरपटत राजाच्या पागोट्यामागे लागले होते. अंबुजाने त्याला उचलले आणि ती एकाएकी खाली बसली. अंगड्याच्या बाहीला, कोपराशी, भोक पडले होते.

राजा घाबरून धावत आला. "काय झालं, अक्का?"

"फाटलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आले होते. तिने भोकातून बोट आत घातले. कोपर मळलेले होते, गरम होते आणि अखंड होते. "प्रसेना, कापड फाटलं."

"नवं शिवायला सांगू?"

"कशाला? सुई आण."

त्या संध्याकाळी तिने बाळाला दिव्यापुढे धरले नाही. त्या राज्याची भीती तिथे संपली; ऐकणाऱ्यांचीही तशीच संपो.