पाटीवर नाव कोणाचे?

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात एक सुतारपक्षी आणि एक साळिंदर राहत असत. दोघेही बसगाड्या बनवत. हसू नका, बाळांनो! उन्हाळ्यात माथ्यावरचे तळे आटले, की म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या प्राण्यांनी खालच्या नदीवर जायचे कसे? सुतारपक्ष्याच्या बसमध्ये ऐसपैस जागा होती, पण चाके खिळखिळी. साळिंदराची चाके मजबूत, पण पायरी इतकी उंच, की चढता चढता कासवाची दमछाक होई. दोन्ही बस ओढायला एकच गवा होता आणि तो दोघांनाही नावे ठेवत असे.

शेवटी प्राण्यांनी दोघांना एकत्र बसवले. सांगाडा सुतारपक्ष्याचा, चाके साळिंदराची, अशी एकच बुटकी, दणकट बस ठरली. काम झटपट झाले. भांडण रंगले ते पाटीवरून. "आधी माझं नाव!" "का म्हणून? चाकांवाचून तुझं खोकं चालणार आहे का?" या वादात आठवडा गेला. मग जाडजूड सागवानी पाटीवर दोन्ही नावे शेजारी शेजारी कोरून ती बसला बांधली.

नदीवर जायच्या दिवशी सशीण आपल्या लंगड्या पिल्लाला घेऊन आली. तहानेने पिल्लाने मान टाकली होती, तेव्हा बसमध्ये चढणे भागच होते. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "सुतारदादा, उतारावर थांबेल ना हो ही?"

"माझं काम पक्कं आहे, ताई."

तिने साळिंदरालाही विचारले. ते म्हणाले, "माझंही पक्कं आहे."

उतार लागला आणि बस गव्याच्या अंगावर येऊ लागली. "अरे, ब्रेक लावा!" गवा ओरडला.

बसमधला सुतारपक्षी शेजारच्या साळिंदराला म्हणाला, "लाव ना!"

"मी? ब्रेक तर तुझ्या सांगाड्याला होता!"

"तो मी काढला. तुझ्या चाकांना होता म्हणून!"

"आणि मी माझा काढला, तुझा होता म्हणून!"

समोर वळण होते आणि वळणाखाली दरी. सशिणीने पिल्लाला पोटाशी घट्ट धरले. सुतारपक्ष्याला पंख होते, तो उडून गेला असता तर वाचला असता. पण पिल्लू त्याच्याकडेच बघत होते. त्याने चोचीने पाटीचे दोर तोडले. साळिंदराने ती जड पाटी ओढून चाकात कोंबली. कडाडकन आवाज झाला, पाटीचे दोन तुकडे झाले आणि बस दरीच्या काठाशी थांबली.

आता त्या बसला दोन ब्रेक आहेत आणि पाटी एकही नाही. तरी सशीण चढण्याआधी विचारतेच, "ब्रेक कोणी तपासला?"

दोघेही एकदम म्हणतात, "मी!"

तात्पर्य : भागीदारीत पाटीवर नाव कोणाचे हे ठरवण्याआधी काम कोणाचे ते ठरवावे.