नाव कोरलेले डबे

कुठल्याशा गावात एक मावशी राहायची. तिच्या हातून काही सुटेल तर शपथ, म्हणून सगळे तिला मागून चिंगूमावशी म्हणायचे.

त्या गावात रीत होती. शेजारणीकडून खाऊचा डबा आला, की तो रिकामा परत द्यायचा नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मावशीला तीही जड! तिनं सोपा उपाय काढला. डबा परतच करायचा नाही. चिवडा आला, डबा राहिला. बारशाच्या घुगऱ्या आल्या, डबा राहिला. असे आठ घरचे आठ स्टीलचे डबे जमले.

मग तिनं खिळा-हातोडीनं त्यांच्या बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं, टोमॅटोची रोपं लावली आणि डबे अंगणात उन्हाला ठेवले. आणि काय सांगू, कधी कुणाला जीव न लावणारी मावशी या रोपांत जीव गुंतवून बसली. त्यांना काठ्या बांधायची, पिवळी पानं खुडायची, सकाळी उठून फुलांशी गप्पा मारायची. झाडं टोमॅटोंनी लगडली.

एके सकाळी शेजारची दमयंती आली. "मावशी, पाहुणे आलेत. कोशिंबिरीला दोन टोमॅटो द्या ना."

दोनानं काय होतंय? मावशीचा हात पुढे झालासुद्धा. पण सवय वाईट. "कच्चे आहेत गं अजून," ती म्हणाली. लालभडक टोमॅटो हे ऐकून आणखी लाल झाले असतील.

दमयंती जायला वळली आणि थबकली. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि. दमयंतीस आईकडून'.

"मावशी, हा माझा डबा!"

"असेल दुसऱ्या कुणा दमयंतीचा."

"तिची आईपण माझ्याच आईसारखं अक्षर काढते का?"

बातमी घरोघर गेली. आठही जणी अंगणात वाकून नावं वाचू लागल्या. डबे उचलले, तर बुडातून माती गळली. "अगं बाई, भोकं!"

मावशी घाईनं म्हणाली, "थांबा, झाडं काढून रिकामे करून देते."

"रिकामे?" दमयंतीनं कानाला हात लावला. "रीत मोडू नका, मावशी."

आठ जणी आठ झाडं कडेवर घेऊन निघाल्या. मोकळ्या अंगणात बसून मावशी लहान मुलीसारखी रडली.

जेवायच्या वेळी दार वाजलं. दमयंती दुसऱ्या डब्यात गरम सार घेऊन उभी होती. "तुमच्याच टोमॅटोंचं आहे. मेहनत तुमची, मग तुम्हाला नको का?" तिच्यामागे चटणी आली, भाजी आली, कोशिंबीर आली. आठ डबे!

मावशी पोटभर जेवली. मग तिला फार लाज वाटली. तिनं डबे लख्ख घासले आणि फळीवरची साखरेची बरणी खाली काढली.

संध्याकाळी दमयंतीनं झाकण उघडलं. "बाई गं, मूठभर साखर? चिमूटभर चालली असती की!"

"चिमूटभर या डब्याची," मावशी खाली बघत म्हणाली. "बाकीची त्या भोकवाल्याची."

तात्पर्य: अडवून ठेवलेला डबा एकदाच भरलेला असतो, परत धाडलेला पुन्हा पुन्हा भरून येतो.