रोवळीच्या फटी

माणसांनी झाडं कुंडीत ठेंगणी वाढवायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका माळ्याने उंबराचं कोवळं रोप, खोड लवकर भरावं म्हणून, तांदूळ धुण्याच्या बांबूच्या रोवळीत लावलं. शेजारी चिनी मातीची चकचकीत कुंडी होती.

एके सकाळी उंबराचं एक मूळ रोवळीच्या फटीतून बाहेर आलं आणि त्याचं टोक वाऱ्याने वाळलं.

"अगं बाई, लेकरू गळतंय तुझ्या अंगातून," कुंडी म्हणाली. "कसली गं आई तू!"

रोवळीला ते लागलं. तिने कुंभारीण माशीला हाक मारली आणि सगळ्या फटी चिखलाने लिंपून घेतल्या. पुढे माळ्याने घातलेलं पाणी आतच साचू लागलं. मुळं भिंतीला धडकून गोल गोल फिरली आणि एकमेकांना आवळू लागली. पानं पिवळी पडली.

"अरे, मरशील ना तू!" रोवळी रडवेली झाली. "काय करू सांग."

"फटी उघड," उंबर म्हणाला. "मूळ वाऱ्यापाशी थांबलं की मागून नवी चार फुटतात. त्यांच्यावरच माझं खोड भरतं."

माशीने कुरकुरत चिखल काढला. "तुझं एक काही धड नाही बघ!"

दुसऱ्या दिवशी आणखी एक मूळ बाहेर येऊन वाळलं. कुंडी पुन्हा हसली. रोवळीला ते पुन्हा लागलं, पण तिने माशीला हाक मारली नाही.