साळूचा कडू कंद

मुलांनो, डोंगराआडच्या एका रानात एक साळू आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. त्या साली रानात काहीच पिकले नाही. जमिनीखाली उरला होता तो फक्त कडू कंद, आणि तो कच्चा खाल्ला तर जिवावर बेतते हे सगळ्यांना ठाऊक होते. साळूने पहाटेपासून माती उकरून एक कंद काढला आणि मडक्यात घालून चुलीवर चढवला. शेजारचे म्हातारे कासव म्हणाले, "पोरी, पाणी नुसतं थरथरू दे, खळखळू देऊ नको. याचं विष मंद विस्तवावरच उतरतं. संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

साळूने मान डोलावली. पण दुपार झाली तशी पिल्ले रडू लागली. धाकटे तर चुलीपाशीच आडवे झाले. पोटच्या पोराचे रडणे ऐकत निखाऱ्यांकडे बघत बसणे सोपे नसते हो! तेवढ्यात झाडावरचे माकड हसले, "अगं साळूताई, कासवाचं काय ऐकतेस? त्याला सगळंच सावकाश लागतं. चांगला जाळ कर!"

साळूला तेच ऐकायचे होते. तिने सुकी लाकडे चुलीत सारली. मडके खदखदू लागले आणि घटकाभरात कंदाच्या कडा लोण्यासारख्या मऊ झाल्या. तिने कड चाखली. कडूपणा मुळीच नव्हता. कडेचा तुकडा तिने थोरल्याला दिला आणि मधला गाभा, सर्वांत चांगला म्हणून, धाकट्याला भरवला.

"आई, कडू लागतंय."

"खा रे राजा. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा."

पण मोठ्या उकळीने कंद वरवरच शिजला होता. गाभा कच्चाच होता. दिवस मावळायच्या आत धाकटे गेले. माकड केव्हाच दुसऱ्या झाडावर पसार झाले होते.

"कडू लागतं म्हणत होता तो," साळू कासवाला म्हणाली, "मीच खा म्हटलं."

दुसऱ्या दिवशीही पोटे रिकामीच होती. साळूने पुन्हा तेवढाच कंद चढवला, जळती लाकडे मागे ओढली आणि संध्याकाळपर्यंत ती चुलीपासून हलली नाही. थोरले रडले, तिने रडू दिले. कंद आतपर्यंत शिजला. दोघे पोटभर जेवली, आणि मडक्यात कंद उरला.

तात्पर्य : खळखळाट झाला म्हणजे शिजले असे नव्हे, मोठा जाळ वरचे मऊ करतो, आतले विष मंद आचेनेच उतरते.